साखरपुड्याची अंगठी आणि पंचाहत्तर हजार रुपये



चातुर्मास संपत आला की आपल्या घरांतून सोयरिकीच्या वाटाघाटींना वेग येतो. कार्तिक पौर्णिमेनंतरचे मुहूर्त काढले जातात, मंगल कार्यालयांची चौकशी सुरू होते आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाला आप्तेष्टांचे दूरध्वनी येऊ लागतात. बँकेच्या सेवेत असताना हे दूरध्वनी कर्जासाठी येत, आता सल्ल्यासाठी येतात. सल्ल्याला तारण लागत नाही, एवढाच फरक.

गेल्या दिवाळीनंतर असाच एक दूरध्वनी माझ्या धाकट्या भगिनीचा आला. तिच्या यजमानांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे. मुलगा पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो. त्याची सोयरीक सांगलीकडील एका घराण्यात ठरली होती. मुलगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. भगिनी म्हणाली, "दादा, साखरपुड्यात मुलीला हिऱ्याची अंगठी घालायची असं ठरतंय. आपल्या घरात आजवर कुणी हिरा घेतलेला नाही. पंचाहत्तर हजारांत बसवायचं आहे. तू बरोबर ये."

मी गेलो. तेथे गेल्यावर कळले की पंचाहत्तर हजार हा आकडा भगिनीचा होता. भाच्याच्या मनात 'एक कॅरट' हा आकडा बसलेला होता. त्याच्या चुलत भावाने आदल्या वर्षी आपल्या वधूला एक कॅरटचा हिरा घातला होता आणि त्याची छायाचित्रे साऱ्या गोतावळ्यात फिरली होती. मेहुण्यांनी त्यावर तोडगाही काढून ठेवला होता. "कमी पडतील ते दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून काढू. लग्नसराई आहे, दोन महिन्यांत भरून निघेल."

हे वाक्य ऐकले आणि माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. लग्नसराईचा माल भरण्यासाठी दिलेली मर्यादा, ऐन माल भरण्याच्या महिन्यात, अंगठीसाठी! व्यापारातला पैसा व्यापारातून काढून दागिन्यात घातला की तो पुन्हा दुकानात येत नाही. अशी खाती मी किती पाहिली असतील, त्याची गणती नाही. पुढच्या तिमाहीत साठा कमी दिसतो, विवरणपत्र उशिरा येते आणि मग शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसावे लागते.

त्यांना मी तेव्हा एक जुना प्रसंग सांगितला, तो वाचकांनाही सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका शाखेत सोनेतारण कर्जाचे काम पाहत असे. एके दिवशी एक भगिनी आपले दागिने घेऊन आली. यजमानांचा व्यवसाय अडचणीत आला होता. चार बांगड्या, एक गोफ आणि एक हिऱ्याची अंगठी. अंगठीची किंमत बाकी साऱ्या दागिन्यांहून अधिक होती, असे तिने स्वतःच सांगितले. तिची सारी भिस्त अंगठीवर होती. बँकेच्या मूल्यमापक सोनाराने प्रत्येक जिन्नस कसोटीवर घासला, वजन केले, खड्याचे वजन अंदाजाने वजा केले आणि अंगठीपुढे निव्वळ सोन्याचे वजन लिहिले. तीन ग्रॅमही भरले नाही. तिने विचारले, "आणि हिरा?" मला सांगावे लागले की बँक हिरा मोजत नाही. ती काही वेळ बोललीच नाही. मग तिने अंगठी उचलून पुन्हा बोटात घातली आणि बांगड्या तेवढ्या माझ्याकडे सरकवल्या.

नियम तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार दागिन्यावर कर्ज देताना केवळ त्यातील सोन्याचे मूल्य धरायचे, त्यातील खड्यांचे धरायचे नाही. कारणही उघड आहे. सोने वितळते, एका ग्रॅमसारखा दुसरा ग्रॅम असतो आणि त्याचा भाव रोज जाहीर होतो. हिऱ्यासारखा दुसरा हिरा नसतो. त्याचा सर्वमान्य दैनिक भाव वर्तमानपत्रात येत नाही आणि शाखेतला सोनार त्याची पारख करू शकत नाही. म्हणून हिऱ्याची अंगठी घेताना तिची नोंद मनातल्या खातेवहीत 'गुंतवणूक' या शीर्षकाखाली करू नये. ती 'खर्च' या शीर्षकाखाली करावी. आनंदाचा खर्च आहे, अवश्य करावा. पण एकदा तो खर्चाच्या बाजूला लिहिला की किती करावा हे घरातले कुणीही सांगू शकते. मेहुणे काही बोलले नाहीत, परंतु कॅश क्रेडिटचा विषय त्यानंतर निघाला नाही.

आता 'एक कॅरट' या आकड्याविषयी. हिरा आपल्या देशाला परका नाही. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच मिळत. ब्राझीलच्या खाणी १७२० च्या दशकातल्या, तर दक्षिण आफ्रिकेच्या १८६७ नंतरच्या. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल की अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात सेवेत असलेल्या ठक्कुर फेरू या जैन गृहस्थाने १३१५ च्या सुमारास 'रयणपरिक्खा' हा रत्नपरीक्षेचा प्राकृत ग्रंथ लिहिला. त्यात रत्नांचे गुणदोष तर आहेतच, शिवाय वजनागणिक किमतींची कोष्टकेही आहेत. पुढे त्यानेच नाण्यांच्या परीक्षेवरही ग्रंथ लिहिला. खजिन्यात नोकरी, फावल्या वेळात लेखन. मला हा गृहस्थ फार जवळचा वाटतो! आणि आजही पालनपूरच्या जैन घराण्यांचे नाव सुरत, मुंबई आणि अँटवर्पच्या हिरेबाजारात आदराने घेतले जाते.

परंतु 'वाङ्‌निश्चयाला हिऱ्याचीच अंगठी हवी' ही कल्पना मात्र आपली नव्हे. आपल्याकडे नारळ, साखर, साडी आणि चांदीचा रुपया यांवर सोयरिकी पक्क्या झाल्या आणि टिकल्या. हिऱ्याची अंगठी घराघरांत पोहोचली ती अमेरिकेतल्या जाहिरातींमुळे. डी बिअर्स या कंपनीसाठी १९४७ मध्ये एका जाहिरात संस्थेतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने 'हिरा चिरंतन असतो' या अर्थाचे घोषवाक्य लिहिले. पुढे १९८० च्या दशकात त्याच कंपनीच्या जाहिरातींनी तिथल्या वरांच्या मनावर ठसविले की अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्च करावा. विकणाऱ्याने ठरवलेला खर्चाचा दंडक घेणाऱ्याने शास्त्र म्हणून पाळायचा, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

एका रविवारी आम्ही पुण्यात दुकाने पाहिली. निघण्यापूर्वी मी मुंबईच्या हिरेबाजारात दलाली करणाऱ्या एका परिचित तरुणाशी बोलून घेतले होते, त्यामुळे अगदीच अनभिज्ञ नव्हतो.

पहिला घोटाळा शब्दाचाच असतो. सोन्याचे कॅरट आणि हिऱ्याचे कॅरट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोन्यात कॅरट म्हणजे शुद्धता. २४ पैकी १८ भाग सोने असेल तर १८ कॅरट, त्यावर ७५० असा छाप असतो. हिऱ्यात कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, २०० मिलिग्रॅम. त्याचे शंभर भाग केले की एकेक भाग म्हणजे सेंट. म्हणजे ३० सेंटचा हिरा ६० मिलिग्रॅमचा. आपल्या बायकांना २२ कॅरटची सवय असल्याने भगिनीने दुकानात विचारले, "१८ कॅरट का? कमी प्रतीचं का द्यायचं?" विक्रेत्याने योग्य उत्तर दिले. २२ कॅरटचे सोने मऊ, त्याची पकड सैल होऊन खडा पडण्याची भीती, म्हणून हिरा १८ किंवा १४ कॅरटमध्ये बसवतात.

एक कॅरटचा हिरा भाच्याने पाहिला. बरा रंग, बरा नितळपणा, किंमत तीन लाखांहून अधिक. तो गप्प झाला. मग मी विक्रेत्याला विनंती करून एक कॅरट, अर्धा कॅरट आणि ३० सेंट असे तीन गोल हिरे शेजारी शेजारी ठेवायला लावले. चांगल्या घडणीच्या एक कॅरट गोल हिऱ्याचा व्यास साधारण साडेसहा मिलिमीटर असतो, अर्ध्या कॅरटचा सव्वापाचच्या आत आणि ३० सेंटचा सुमारे ४.३. वजन निम्मे झाले तरी रुंदी चार पंचमांश राहते. किंमत मात्र वजनाबरोबर सरळ रेषेत चढत नाही, तिच्याहून वेगाने चढते. मोठा खडा दुर्मीळ, म्हणून त्याचा दर कॅरटलाच अधिक. शिवाय अर्धा कॅरट, एक कॅरट अशा पूर्ण आकड्यांना ग्राहक भुलतात आणि त्या उंबरठ्यावर दर एकदम उडी घेतो. ४७-४८ सेंटचा हिरा अर्ध्या कॅरटच्या शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही, बिलाला कळतो. ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याने उंबरठ्याच्या किंचित अलीकडचा खडा मागावा.

दुसऱ्या एका दुकानात आम्हाला "अर्ध्या कॅरटची अंगठी" पंचाहत्तर हजारांच्या आतच दाखविण्यात आली. भगिनी हरखली. अंगठी सुंदर होती. मी भिंग मागितले. मध्यभागी एक हिरा नसून सात छोटे हिरे फुलासारखे एकमेकांना चिकटून बसविले होते आणि सातांचे मिळून वजन पन्नास सेंट होते. यात लबाडी नाही, चिठ्ठीवर 'एकूण वजन' असे लिहिले होते. परंतु सात बारीक खड्यांचे पन्नास सेंट आणि एकाच खड्याचे पन्नास सेंट यांच्या दरात जमीन-अस्मानाचा फरक असतो. चिठ्ठीवरचा 'एकूण' हा शब्द बँकेच्या मुदतीच्या पावतीवरील अटींइतक्याच काळजीने वाचावा.

रंग, नितळपणा, घडण आणि वजन या चार गोष्टींवर हिऱ्याची किंमत ठरते, हे आता प्रत्येक दुकानात सांगतात. रंगाची श्रेणी इंग्रजी 'डी' या अक्षरापासून सुरू होऊन 'झेड'पर्यंत उतरते. नितळपणाच्या अकरा पायऱ्या आहेत आणि त्या दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ठरतात. आपल्या लोकांना वरची अक्षरे फार प्रिय. 'ईएफ-व्हीव्हीएस'च हवे, असा आग्रह मी सराफाच्या पेढीवर अनेकदा ऐकला आहे. तो दलाल तरुण मला म्हणाला होता, "साहेब, चाळीस सेंटच्या आतल्या खड्याला व्हीव्हीएसचे पैसे देणं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे देणं." भिंगाशिवाय दिसणार नाही असा डाग असेल तर 'व्हीएस' पुरे, नीट निवडला तर 'एसआय'ही चालतो. अंगठी पिवळ्या सोन्याची असेल तर 'एच' किंवा 'आय' रंगाची किंचित पिवळसर छटा सोन्याच्या झळाळीत मिसळून जाते. खड्याचा रंग पाहायचा तर तो पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून, दुकानाच्या दिव्यांपासून दूर, दाराजवळच्या उजेडात पाहावा. त्या दिव्यांखाली काचही चमकते.

हात आखडायचा नाही तो घडणीच्या बाबतीत. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. ते कोणत्या कोनात पाडावेत याचे गणित मार्सेल टोलकोव्स्की या अँटवर्पच्या हिरेव्यावसायिक घराण्यातल्या तरुणाने १९१९ मध्ये मांडले. कोन योग्य असतील तर वरून आत शिरलेला प्रकाश पुन्हा वरूनच बाहेर येतो. हिरा अति खोल किंवा अति उथळ घडवला तर प्रकाश बुडाशी गळून जातो आणि खडा मंद दिसतो. वजन राखण्यासाठी पोट मोठे ठेवलेले असे खडे बाजारात पुष्कळ असतात. आपण पोटातल्या वजनाचे पैसे देतो आणि वरून पाहणाऱ्याला ते कधी दिसत नाही. प्रमाणपत्रात घडणीपुढे 'एक्सलंट' किंवा निदान 'व्हेरी गुड' असा शेरा पाहावा. रंग एक पायरी खाली आला तरी चालेल.

प्रमाणपत्र जीआयए किंवा आयजीआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे असावे. त्याचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असू शकतो. तो भिंगातून दाखवायला सांगावे आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. दुकानाने स्वतःच्या कागदावर छापून दिलेले प्रमाणपत्र म्हणजे कर्जदाराने स्वतःच स्वतःला दिलेला पतदाखला. सोन्याच्या बाबतीत भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी अंगठीच्या आत असतो, तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तपासता येतो. या साऱ्याला दहा मिनिटे लागतात. खरेदीच्या उत्साहात तीच दहा मिनिटे कुणापाशी नसतात.

या फेरफटक्यात आम्ही ३२ सेंटच्या एका नैसर्गिक हिऱ्यापाशी येऊन थांबलो. रंग 'एच', नितळपणा 'व्हीएस', घडण उत्तम. अंगठी १८ कॅरटची, निव्वळ सोने २.४० ग्रॅम. मी कागदावर हिशेब मांडला. त्या दिवशीच्या ९,२०० रुपये दराने सोन्याचे २२,०८०, ग्रॅमला १,५०० रुपये दराने घडणावळ ३,६००, कॅरटला १,१५,००० रुपये दराने हिऱ्याचे ३६,८००. एकूण ६२,४८०. त्यावर ३ टक्के जीएसटी १,८७४ रुपये ४० पैसे, हॉलमार्कचे करासह ५३ रुपये १० पैसे. ६४,४०७ रुपये ५० पैसे. पंचाहत्तर हजारांच्या आत, दुकानाच्या खात्याला हात न लावता. मी समाधान पावलो.

हा हिशेब असा तुकड्यातुकड्याने लिहून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. दुकानदार अनेकदा एकच आकडा सांगतात. सोन्याचा दर निव्वळ वजनावर लावला आहे की खड्यासह एकूण वजनावर, हेही पाहावे. अर्धा कॅरटचा खडा म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, तो सोन्यात धरला गेला तर आपण ९२० रुपयांना हवा विकत घेतली. खडे जितके अधिक, तितकी ही हवाही अधिक.

आणि एक गोष्ट आपल्या व्यापारी बांधवांना स्पष्टच सांगतो, राग मानू नये. "बिल नको, जीएसटी वाचवा" असा प्रस्ताव आला, आणि तो येतो, तर नाकारावा. कर बुडवणे हा गुन्हा तर आहेच. पण निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी आमच्या हिशेबात अठराशे चौऱ्याहत्तर रुपयांसाठी आपण खड्याचे वजन, प्रत, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि परत घेण्याचे आश्वासन या साऱ्यांचा एकमेव लेखी पुरावा सोडून देतो. परत घेण्याच्या आश्वासनाविषयीही विचारून घ्यावे. "नव्वद टक्के परत" म्हणजे कशाचे नव्वद टक्के? बिलातल्या हिऱ्याच्या किमतीचे की त्या दिवशीच्या किमतीचे? रोख की दुसऱ्या दागिन्याच्या बदल्यात? घडणावळ आणि कर तर गेलेच. तोंडी उत्तर बिलावर लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावे.

भाचा मात्र समाधानी नव्हता. ४.३ मिलिमीटर त्याच्या डोळ्यात भरत नव्हते. विक्रेत्याच्या ते ध्यानात आले असावे. त्याने दुसरा ट्रे काढला. "हे लॅबचे. बघा तरी."

प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा म्हणजे काचेचा किंवा अमेरिकन डायमंड म्हणून ओळखला जाणारा नकली खडा नव्हे. तो कार्बनचाच, तितकाच कठीण, तितकाच तेजस्वी. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तो १९५४ मध्ये सिद्ध केला. आज सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने त्यासाठी लागणाऱ्या बीजावरचे आयातशुल्क काढले आणि संशोधनासाठी आयआयटीला अनुदान जाहीर केले. नुसत्या डोळ्याने किंवा साध्या भिंगाने तो ओळखता येत नाही. सराफाकडचे उष्णतेवर चालणारे छोटे तपासणीयंत्रही दोन्हींना 'हिरा' म्हणूनच दाखवते. फरक ओळखायला विशेष उपकरणे लागतात. मात्र तो खाणीतून येत नाही, हवा तितका बनवता येतो, म्हणून त्याची किंमत गेल्या काही वर्षांत झपाट्याने उतरली आहे. जीआयएने तर २०२५ मध्ये अशा हिऱ्यांना रंग-नितळपणाची सविस्तर श्रेणी देणे सोडून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच वर्ग ठेवले.

तिथे एक कॅरटचा हिरा आमच्या रकमेत सहज बसत होता. भाच्याचा चेहरा उजळला. भगिनीचा त्याहून अधिक. आणि ती हळूच म्हणाली, "दादा, लॅबचा आहे हे सांगायलाच हवं का? त्यांच्या घरी कोण यंत्र लावून बघणार आहे?"

खरे सांगतो, मी लगेच उत्तर दिले नाही. क्षणभर मलाही तो मार्ग सोपा वाटला. चुलत भावाची अंगठी, भाच्याचा चेहरा, भगिनीची हौस, सारेच एका ट्रेमध्ये मावत होते. मग म्हणालो, "उद्या अंगठी सैल झाली, माप कमी करायला तिने तिच्या गावच्या सराफाकडे नेली आणि त्याच्याकडे यंत्र निघालं, तर?" भगिनी म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा." भाच्याने मात्र मान हलवली. "नाही आई. मी तिला विचारतो." तो दुकानाबाहेर गेला आणि फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा म्हणाला, "ती पुढच्या रविवारी येते. भावाला घेऊन."

पुढल्या रविवारी मुलगी आली. तिच्यासमोर आम्ही सारे ट्रे मांडले. तिने एक कॅरट आधी बाजूला ठेवला. म्हणाली, "मामा, मी दिवसभर हातमोजे घालते. उंच खडा असला की हातमोजा फाटतो. आमच्याकडे एकीचा फाटला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. मला खाली बसवलेला, चारी बाजूंनी सोन्याची कड असलेला खडा हवा. नाहीतर मी ती कपाटातच ठेवीन." इतक्या दिवसांत अंगठी जिच्या बोटात जायची तिला काय हवे हे आमच्यापैकी कुणी विचारलेच नव्हते. हौस आमची होती.

एकाच घाटाच्या दोन अंगठ्या तिच्यापुढे राहिल्या. एक ३२ सेंटच्या नैसर्गिक हिऱ्याची, ६४,४०७ रुपयांची. दुसरी अर्ध्या कॅरटच्या प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची. तिचा हिशेब मी पुन्हा केला. सोने आणि घडणावळ तीच, हिऱ्याचे कॅरटला ३०,००० प्रमाणे १५,०००, करासह सारे मिळून ४१,९५३ रुपये ५० पैसे. माझे मत मी मांडले. नैसर्गिक हिऱ्याला पुढे काही तरी मोल येईल, दुकान तो लेखी अटींवर परत घेते. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची किंमत उतरत आहे आणि हे दुकान तो परत घेत नाही. म्हणून माझा कौल पहिल्या अंगठीला.

तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "मामा, तुम्ही बँकेत होता ना? उद्या घरात अडचण आली, तर या दोन्हींतल्या कोणत्या अंगठीवर बँक जास्त पैसे देईल?"

तो जुना प्रसंग तिला कुणी सांगितला होता की नाही, मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "बँकेला दोन्ही सारख्याच. दोन्हींत सोनं २.४० ग्रॅम."

"मग मला ही," ती म्हणाली आणि तिने दुसरी अंगठी उचलली.

मी वाद घातला नाही. बिल तयार झाले तेव्हा त्यावर नुसते 'डायमंड' असे छापलेले होते. तिनेच ते परत केले आणि 'लॅब-ग्रोन' हा शब्द आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घेतला. बोटाचे माप घेतले गेले, आठ दिवसांनी अंगठी मिळाली. उरलेले तेहतीस हजार मेहुण्यांनी दुकानात भरले. त्या महिन्यात त्यांनी पैठणीचा माल रोखीने उचलला आणि रोखीची सूट मिळविली, असे त्यांनी मला नंतर मुद्दाम दूरध्वनी करून सांगितले.

साखरपुड्याच्या दिवशी अंगठी हातोहात फिरली. कुणी काही विचारण्यापूर्वीच माझी भगिनी विहीणबाईंना म्हणाली, "लॅबचा हिरा आहे हो. सुनबाईंनीच पसंत केला." विहीणबाईंनी मुलीचा हात हाती घेऊन अंगठी निरखून पाहिली. "नाजूक आहे," त्या म्हणाल्या, आणि पेढ्यांचे ताट पुढे केले.